काठी, सावली आणि एक सामायिक शीट: परदेशी वर्गाबरोबरचा पहिला ऑनलाइन उपक्रम

परदेशातल्या शाळेबरोबर काही करायचं म्हटलं की बहुतेक शिक्षक आधी व्हिडिओ कॉल ठरवतात. दोन्ही वर्ग पडद्यावर हात हलवतात, एक गाणं, एक नाच, 'तुमच्याकडे नाश्त्याला काय असतं' हा प्रश्न दोन्हीकडून येतो, फोटो निघतात आणि विषय संपतो. भेट म्हणून ते छानच. पण एका वर्गाचं काम दुसऱ्या वर्गाच्या कामावाचून अडलं, तरच त्याला सहकार्य म्हणायचं. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी काम, मग सामायिक कागद, आणि कॉल सगळ्यात शेवटी, तोही अर्ध्या तासाचा.

'आमच्यासारख्या शाळेला हे कसं जमणार' ही शंका आधीच बाजूला ठेवा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आणि परदेशी वर्गांशी ऑनलाइन गाठ घालून देणं हा त्यांच्या कामाचा ठळक भाग होता. एक लॅपटॉप, एक स्मार्टफोन आणि बऱ्यापैकी रेंज एवढ्यावर पहिला उपक्रम होतो.

काम असं निवडा, जे एकट्याने होणारच नाही

'आपले सण', 'आपले खाद्यपदार्थ' हे विषय सोपे वाटतात, पण दोन्ही वर्ग आपापली सादरीकरणं बनवून मोकळे होतात. एकमेकांची गरज कुणालाच लागत नाही. त्याऐवजी ज्यात दोन ठिकाणची मापं एकत्र आल्याशिवाय उत्तरच निघत नाही, असं काहीतरी घ्या. पाऊस, तापमान, दिवसाची लांबी, एक किलो तांदळाचा भाव, काहीही चालेल. आम्ही इथे काठीची सावली घेतली आहे, कारण खर्च जवळजवळ शून्य आणि उत्तर पडताळता येतं.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधली दोन गावं घेऊन पृथ्वीचा परीघ काढला. सायीनी, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर यायचा. त्याच दिवशी उत्तरेला अलेक्झांड्रियात तो वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका, म्हणजे ७.२ अंश, कललेला दिसायचा. दोन गावांतलं अंतर गुणिले पन्नास, झाला परीघ. आपल्याला हेच करायचं आहे, फक्त दुसरं गाव दुसऱ्या देशात.

समजा तुमची शाळा पुण्यात आहे आणि जोडीदार शाळा मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये. मॉरिशस मुद्दाम निवडलं. एकोणिसाव्या शतकात कोकणातून मजुरीला गेलेल्या कुटुंबांचे वंशज तिथे आहेत आणि काही शाळांत मराठी हा भाषा विषय शिकवला जातो, त्यामुळे पहिली ओळख सोपी जाते. शिवाय ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, आणि त्यामुळे गणितात एक मजेदार अडचण येते, ती पुढे येईलच. नववीत त्रिकोणमितीची तोंडओळख होते, म्हणून नववीचा वर्ग सोयीचा. सहावी-सातवीला हेच काम प्रमाणात आकृती काढून कोनमापकाने करता येतं.

जोडीदार शोधताना

सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे ओळखीचा माणूस. शाळेचे माजी विद्यार्थी, गावातून परदेशी गेलेली कुटुंबं, तिथली महाराष्ट्र मंडळं यांना विचारा: 'तुमच्या मुलांच्या शाळेतल्या गणिताच्या किंवा भूगोलाच्या शिक्षकांशी गाठ घालून द्याल का?' एवढंच. अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळाही आहेत, पण त्या शनिवार-रविवारी भरतात. तिथल्या मुलांचा वार आणि तुमचा वार जुळणं कठीण, हे धरून चाला.

संस्थांमध्ये आयअर्न ही जुनी, वेगवेगळ्या देशांतल्या शाळांना ऑनलाइन जोडणारी. १९८८ मध्ये न्यूयॉर्क आणि मॉस्कोच्या शाळा जोडण्यापासून तिची सुरुवात झाली. तिथे चालू उपक्रमांची यादी असते. पहिल्या वर्षी स्वतःचा उपक्रम मांडण्यापेक्षा त्यातल्या एखाद्यात सामील होणं शहाणपणाचं. युरोपातल्या शिक्षकांचं ई-ट्विनिंग बरंच ऐकायला मिळतं, पण ते युरोपीय देश आणि त्यांचे काही शेजारी यांच्यापुरतं आहे. भारतीय शाळेला तिथे थेट नोंदणी करता येत नाही, तेव्हा त्यात वेळ घालवू नका.

पहिलं पत्र बारा ओळींच्या वर नको. त्यात एवढं हवं: शाळा कुठे आहे, मुलांचं वय, त्यांची संख्या, विषय, काय करायचं आहे ते दोन वाक्यांत, एकूण किती आठवडे, समोरच्या शिक्षकाला आठवड्याला किती वेळ द्यावा लागेल, आणि मोजणीच्या दोन पर्यायी तारखा. 'इयत्ता नववी' लिहून भागत नाही, प्रत्येक देशाची मोजणी वेगळी. 'वय १४ ते १५' असं लिहा. तारीख आकड्यांत लिहू नका. ५/३ म्हणजे कुणाला ५ मार्च, कुणाला ३ मे. शाळेची परंपरा, संस्थापक आणि निकालाची टक्केवारी यावर परिच्छेद लिहिण्याचा मोह आपल्याकडे फार असतो. तो आवरा, वाचणाऱ्याला कामाचा अंदाज हवा असतो.

दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा आणि दुसरा जोडीदार शोधायला लागा. जो शिक्षक पत्राचं उत्तर द्यायला तीन आठवडे घेतो, तो मोजणीच्या दिवशीही तसाच वागेल.

वेळेचं गणित

मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि तिथे घड्याळं वर्षभर बदलत नाहीत. जपान साडेतीन तास पुढे, तेही वर्षभर स्थिर. अडचण येते ती युरोप-अमेरिकेबरोबर. जर्मनी हिवाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते, उन्हाळ्यात साडेतीन. तिथली घड्याळं मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. अमेरिकेत हाच बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. म्हणजे मार्चमधले दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिका बदललेली असते आणि युरोप नाही. कॉल चुकण्याचं हे नेहमीचं कारण. प्रत्येक वेळ दोन्ही देशांच्या घड्याळात लिहा: 'भारत दुपारी २:३०, मॉरिशस दुपारी १:००'. कॅलेंडरचं आमंत्रण पाठवलंत तर वेळ आपोआप बदलून दिसते, पण ते आमंत्रण समोरच्याने स्वीकारलं का, हे बघा.

शैक्षणिक वर्षही जुळत नाही. आपलं जूनमध्ये सुरू होतं, मॉरिशसचं जानेवारीत, जपानचं एप्रिलमध्ये, युरोपात बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या आसपास. सावलीच्या उपक्रमाला फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंतचे सहा-सात आठवडे चांगले. आपल्याकडे आकाश निरभ्र असतं आणि नववीची वार्षिक परीक्षा अजून यायची असते. सप्टेंबर टाळा, ढगांनी सगळ्यावर पाणी पडतं.

सुट्ट्यांची यादी पहिल्याच आठवड्यात एकमेकांना द्या. मॉरिशसला १२ मार्च हा राष्ट्रीय दिन, तर पाडव्याला तिथे उगादीची सार्वजनिक सुट्टी असते. शिवाय मार्च हा तिथला चक्रीवादळाचा काळ. इशारा आला की शाळा बंद होतात. म्हणून मोजणीची मुख्य तारीख आणि दोन राखीव तारखा आधीच ठरवून ठेवा.

पालकांचं पत्र, खाती आणि ओळख

हे काम कंटाळवाणं आहे, पण इथे घाई केली तर मुख्याध्यापकांच्या टेबलावर तक्रार येते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक धरली आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. युरोपात वयाची मर्यादा देशागणिक १३ ते १६ आहे. तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये जो नियम कडक, तो दोघांना लागू, असं सरळ ठरवून टाका.

मराठीत, कागदावर, एका पानाचं संमतीपत्र द्या. कोणत्या शाळेबरोबर, काय काम, किती आठवडे, मुलांचं काय काय दिसेल, फोटो वापरणार का आणि कुठे, आणि उपक्रम संपल्यावर ते सगळं कधी पुसलं जाईल. 'फोटो चालेल' आणि 'काम चालेल' या दोन वेगळ्या चौकटी ठेवा. बरेच पालक दुसऱ्याला हो म्हणतात, पहिल्याला नाही. ज्यांचा नकार आहे ती मुलं मोजणी, नोंद आणि आकृतीत असू शकतात. त्यांना वर्गाबाहेर बसवू नका.

गूगलचं स्वतःचं खातं उघडायला भारतात १३ वर्षांची अट आहे. पण मुलांना वैयक्तिक खाती उघडायला लावण्याची गरजच नाही. शाळेची खाती असतील तर ती वापरा. नसतील तर आकडे गूगल फॉर्मवर भरता येतात, त्यात लॉगइन न मागण्याची सोय आहे. पॅडलेट या ऑनलाइन फलकावरही लिंक असली की खात्याशिवाय लिहिता येतं. सामायिक कागदावर मुलांचं फक्त पहिलं नाव आणि गटाचं नाव असावं. आडनाव, फोन नंबर, घरचा पत्ता, गणवेशावरचा शाळेचा बिल्ला जवळून दिसणारा फोटो, यातलं काही नको.

मुलं एकमेकांना इन्स्टाग्रामवर शोधतीलच. पहिल्याच दिवशी दोन्ही वर्गांना एकच नियम सांगा: उपक्रमाचं सगळं बोलणं सामायिक कागदावर, खासगी निरोप नाहीत. आणि तोच नियम पालकांच्या पत्रातही छापा, म्हणजे घरूनही लक्ष राहतं.

सामायिक फोल्डर: तीन गोष्टी, जास्त नाहीत

एका फोल्डरमध्ये एक गूगल डॉक, एक गूगल शीट आणि ओळखीसाठी एक पॅडलेट. बस्स. पाच-सहा ॲप घेतली की अर्धा वेळ पासवर्डमध्ये जातो.

१. फोल्डर एकाच शिक्षकाने बनवावा आणि दुसऱ्या शिक्षकाला एडिटर म्हणून नावानिशी जोडावं. मुलांसाठी फोल्डरची लिंक 'व्ह्यूअर'वर ठेवा, एडिटरवर नाही; लिहायची परवानगी फक्त मुलं ज्यात लिहिणार त्या फाइलला वेगळी द्या. फोल्डरच एडिटर म्हणून उघडा ठेवला तर त्यातली प्रत्येक फाइल कुणालाही बदलता येते.

२. डॉकच्या पहिल्या पानावर 'आधी हे वाचा' असं शीर्षक घालून तारखा, दोन्ही घड्याळांतल्या वेळा, गटांची नावं आणि नियम. शिक्षकांनी ईमेलवर ठरवलेली प्रत्येक गोष्ट इथे आली पाहिजे, नाहीतर दोन आठवड्यांनी कुणाला काही आठवत नाही.

३. पुढच्या पानांवर तक्ता. प्रत्येक गटाला एक ओळ, आणि आपल्या ओळीबाहेर लिहायचं नाही. गट मिश्र करा: दोन मुलं इथली, दोन तिथली. तक्ता न घालता कोऱ्या पानावर तीस मुलांना एकदम सोडलं तर पाच मिनिटांत एकमेकांची वाक्यं खोडली जातात आणि भांडणं लागतात.

४. पॅडलेटच्या सेटिंगमध्ये मजकूर शिक्षकाच्या मंजुरीनंतरच दिसेल, असा पर्याय सुरू करा. फुकटच्या खात्यावर मोजकेच फलक मिळतात, पण आपल्याला एकच लागतो.

मोजणीच्या किमान आठवडाभर आधी लिंक तपासा, आणि ती मुलाच्या खात्यातून तपासा. शिक्षकाच्या खात्यातून सगळं उघडतं. मुलांच्या खात्यातून 'परवानगी मागा' असं पान येतं. कारण बऱ्याच शाळांनी आपल्या खात्यांना शाळेबाहेरच्या फाइल उघडायला बंदी घातलेली असते. ती बंदी फक्त त्या शाळेचा संगणक विभाग उठवू शकतो, आणि त्याला वेळ लागतो. नाहीच उठली, तर ती शाळा फॉर्म भरेल आणि तुम्ही शीट बघाल, एवढ्यावर भागवा.

काही पुसलं गेलं तर घाबरू नका. संगणकाच्या ब्राउझरमध्ये 'फाइल' मेनूत 'व्हर्जन हिस्टरी' उघडा, हवी ती वेळ निवडा आणि 'रिस्टोअर' करा. मात्र त्यानंतर इतरांनी लिहिलेलंही मागे जातं, म्हणून पुसलेला भाग जुन्या आवृत्तीतून कॉपी करून आताच्या कागदात डकवणं जास्त सुरक्षित.

मराठी मजकुराची एक वेगळीच भानगड आहे. शाळेच्या कार्यालयात अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टंकलेखन चालतं. तो मजकूर डॉकमध्ये डकवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि समोरच्याला वाटतं आपली फाइल बिघडली. नवा मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. फोनवरचा मराठी कळफलक हे त्यातलं सगळ्यात सोपं साधन.

शीट: आकडे जिथे बिघडतात

स्तंभ एवढेच: गट, तारीख, स्थानिक वेळ, काठीची उंची, सावलीची लांबी, सावलीची दिशा, आकाश. उंची आणि लांबी दोन्ही सेंटिमीटरमध्ये, आणि ते स्तंभाच्या नावातच लिहा. आकडे इंग्रजी अंकांत टाका. देवनागरी अंकांना शीट मजकूर समजू शकते आणि मग बेरीज-सरासरी होत नाही. फ्रान्स-जर्मनीसारख्या देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. तिथल्या मुलाने ३३,५ लिहिलं की तुमच्या शीटला ते साडेतेहतीस म्हणून कळत नाही. म्हणून 'डेटा व्हॅलिडेशन'मध्ये सावलीसाठी १० ते २०० मधलाच आकडा चालेल अशी अट घाला. चुकीची नोंद तिथल्या तिथे अडते.

कोन काढायला एटॅन (ATAN) हे फंक्शन: कंसात सावली भागिले काठीची उंची. पण त्याचं उत्तर रेडियनमध्ये येतं. ते सगळं डिग्रीज (DEGREES) या फंक्शनच्या कंसात घातलं की अंश मिळतात. शीटमध्ये कोन ०.३२ असा दिसला, तर डिग्रीज राहिलं आहे हे ओळखा. सूत्रांचा स्तंभ 'प्रोटेक्ट रेंज' करून कुलूपबंद ठेवा. मुलं आकडा चुकून सूत्रावरच टाइप करतात.

मोजणी

साहित्य: एक मीटर उंचीची सरळ काठी किंवा पाइप, ओळंबा, पाणसळ, मीटरटेप, पांढरा कार्डशीट, पेन्सिल. ओळंबा आणि पाणसळ गवंड्याकडे मिळतात. नाहीच मिळाले तर दोऱ्याला नट बांधा आणि जमिनीची पातळी पाण्याच्या बाटलीतल्या बुडबुड्याने बघा.

दोन्ही वर्गांनी एकाच क्षणी मोजायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या स्थानिक मध्यान्हाला, म्हणजे सावली सगळ्यात आखूड असताना मोजायचं. बारा वाजता नव्हे. आपलं प्रमाण घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे आणि पुणे त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून पुण्यात २० मार्चच्या सुमाराला मध्यान्ह साधारण १२:४२ ला येते. पोर्ट लुईत तिथल्या घड्याळात १२:१७ च्या आसपास. अंदाजावर विसंबू नका: पुण्यात १२:२० पासून १:०५ पर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा, आणि सगळ्यात आखूड लांबी घ्या.

विषुवदिनाच्या, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या २० मार्चच्या आसपास एक मीटर काठीची सावली पुण्यात सुमारे साडेतेहतीस सेंटिमीटर येईल आणि पोर्ट लुईत सुमारे सदतीस. कोन अनुक्रमे साधारण १८.५ आणि २०.२ अंश.

आता ती अडचण. पुण्याची सावली उत्तरेकडे पडते, पोर्ट लुईची दक्षिणेकडे, कारण सूर्य दोघांच्या मधे आहे. म्हणून इथे कोनांची बेरीज करायची: ३८.७ अंश. पुस्तकातलं उदाहरण पाहून मुलं वजाबाकी करतात, १.७ अंश मिळतात आणि पृथ्वीचा परीघ नऊ लाख किलोमीटरच्या वर जातो. लगेच दुरुस्त करू नका. दोन्हीकडचे सावलीच्या दिशेचे स्तंभ शेजारी ठेवून मुलांनाच शोधू द्या. या उपक्रमातलं सगळ्यात चांगलं संभाषण इथेच होतं. जोडीदार जर्मनीत किंवा जपानात असता तर मार्चमध्ये दोन्ही सावल्या उत्तरेकडे पडल्या असत्या आणि वजाबाकीच बरोबर ठरली असती.

अंतराचंही तसंच. नकाशावर पुणे ते पोर्ट लुई सरळ अंतर सुमारे ४,६५० किलोमीटर आहे, पण आपल्याला फक्त उत्तर-दक्षिण अंतर हवं. गूगल मॅप्समध्ये आपल्या शाळेपासून त्याच रेखांशावर सरळ दक्षिणेला, पोर्ट लुईच्या अक्षांशापर्यंत अंतर मोजा. ते सुमारे ४,३०० किलोमीटर येतं. ३६० भागिले ३८.७, गुणिले ४,३००: बरोबर चाळीस हजार. सरळ अंतर घेतलं असतं तर उत्तर ४३ हजारांवर गेलं असतं. एखादा चुणचुणीत मुलगा विचारेल की नकाशाला अंतर कळतं ते परीघ माहीत आहे म्हणूनच ना? प्रश्न रास्त आहे. एराटोस्थेनीसला अंतर प्रत्यक्ष मोजलेलं मिळालं होतं, आपण तेवढी सूट घेतो, असं सांगून टाका.

चुका किती महाग पडतात, ते मुलांना आधी सांगा. काठी दोन अंश उत्तर-दक्षिण कलली तर उत्तरात सुमारे पाच टक्क्यांचा, म्हणजे दोन हजार किलोमीटरचा फरक. सावलीची कडा धूसर असते. एक मीटर काठीला ती जवळपास एक सेंटिमीटर पसरते, म्हणून धूसर पट्ट्याच्या मधोमध खूण करा. आणि दोन शाळांनी एका दिवसाच्या फरकाने मोजलं, तर मार्चमध्ये सूर्य दिवसाला ०.४ अंश सरकत असल्याने तेवढ्यानेच एक टक्का बिघडतो. मात्र तारीख २० मार्चच असली पाहिजे असं नाही. सूर्य दोन गावांच्या मधे आहे तोवर एकीकडचा कोन जेवढा वाढतो तेवढा दुसरीकडचा कमी होतो, बेरीज तीच राहते. ढग किंवा वादळ आलं तर राखीव तारखेला, पण दोघांनी एकाच दिवशी.

एकमेकांना लिहिणं

मोजणीनंतरचा आठवडा डॉकमधल्या प्रतिक्रियांचा. इथे एक सक्ती करा: 'छान', 'मस्त', 'सुपर' यांना बंदी. प्रत्येक प्रतिक्रियेत समोरच्या गटाच्या आकड्यांपैकी एक आकडा आणि त्याबद्दल एक प्रश्न हवा. 'तुमची १२:१० ची सावली १२:१५ पेक्षा आखूड कशी?' असं कुणी लिहिलं की तिकडचा गट धावत जाऊन वही बघतो.

भाषा साधी ठेवा. मॉरिशसची मुलं घरी क्रिओल बोलतात, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, आणि ज्यांनी मराठी घेतली आहे ती देवनागरी वाचतात. काम इंग्रजीत, आणि प्रत्येक गटाने शेवटी एक सोपी मराठी ओळ, ही वाटणी दोघांनाही उपयोगी. भाषांतराचं ॲप वापरायचंच तर वाक्य आठ-दहा शब्दांचं ठेवा आणि भाषांतर पुन्हा मराठीत उलटवून बघा. अर्थ फिरला असेल तर तिथेच कळतो. थट्टा आणि म्हणी भाषांतरात हमखास मरतात, त्या कॉलसाठी राखा.

आणि आता कॉल

गूगल मीटच्या फुकट खात्यावर तीन किंवा अधिक जोडण्या असल्या तर ६० मिनिटांची मर्यादा आहे; दोनच जोडण्या असल्या तर ती लागू होत नाही. झूमच्या फुकट खात्यावर ४० मिनिटं. अर्ध्या तासाला दोन्ही पुरतात.

आवाज बिघडण्याचं मुख्य कारण खोलीतला दुसरा माइक. कुणी शिक्षक फोनवरूनही त्याच कॉलमध्ये येतात, आवाज घुमतो, शिट्टी वाजते. एका वर्गात एकच उपकरण, एकच माइक, एकच स्पीकर. बोलणारं मूल लॅपटॉपपासून हातभर अंतरावर उभं राहील, बाकीचे बसून. पंखे बंद करता आले तर करा, माइकला पंखा फार ऐकू येतो. मोबाइल हॉटस्पॉट असेल तर फोन खिडकीत ठेवा आणि एक-दीड जीबी डेटा शिल्लक आहे का ते बघा. ठरलेल्या खोलीतून, ठरलेल्या वेळीच, दोन दिवस आधी शिक्षकांनी पाच मिनिटांची तालीम करावी. सकाळी आठला उत्तम चालणारं नेट दुपारी अडीचला चालेलच असं नाही.

वेटिंग रूम सुरू, स्क्रीन शेअर फक्त शिक्षकांना, रेकॉर्डिंग बंद. लिंक व्हॉट्सॲपच्या मोठ्या गटावर टाकू नका.

वेळेची वाटणी: नमस्कार आणि नावं तीन मिनिटं, चार गट प्रत्येकी तीन मिनिटं आपला आकडा आणि झालेली चूक सांगणार, आठ मिनिटं आधी डॉकमध्ये लिहून ठेवलेले प्रश्न, उरलेला वेळ मोकळा. भाषणं, सत्कार, प्रास्ताविक काही नको. तिकडची मुलं जेवणाची सुट्टी सोडून बसलेली असू शकतात. कॉल तुटला तर दहा मिनिटं वाट बघायची, मग दोन्ही वर्गांनी उरलेले प्रश्न डॉकमध्ये लिहायचे. हे आधीच ठरलेलं असलं की वीज गेली तरी तास वाया जात नाही.

गुण द्यायचे तर

व्हर्जन हिस्टरी कुणी किती लिहिलं ते दाखवते, पण सगळा गट एकाच खात्यावर बसला असेल तर तिचा उपयोग नाही. तिथे प्रत्येक नोंदीशेवटी आद्याक्षरं लिहायला लावा. उत्तर चाळीस हजाराच्या किती जवळ आलं यावर गुण देऊ नका, मुलं लगेच आकडे जुळवून आणतात. नोंदी पूर्ण आहेत का, फरकाचं कारण सांगितलं का, दुसऱ्या गटाला नेमका प्रश्न विचारला का, यावर द्या.

आवरासावर

साधनं बंद पडतात. गूगल जॅमबोर्ड २०२४ च्या अखेरीला बंद झालं, स्काइप मे २०२५ मध्ये. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात डॉक पीडीएफ करून, शीट एक्सेलमध्ये उतरवून दोन्ही शाळांनी आपापल्या संगणकावर ठेवा. मग फोल्डरची लिंक 'रिस्ट्रिक्टेड' करा, पॅडलेट बंद करा, संमतीपत्रात सांगितलेल्या तारखेला फोटो पुसा आणि तसं पालकांना दोन ओळींत कळवा. जोडीदार शिक्षकाबरोबर मुलांशिवाय वीस मिनिटं बोला: काय जड गेलं, पुढच्या वर्षी कोणता महिना. तिकडे सत्र जानेवारीत सुरू होतं, तेव्हा पुढच्या उपक्रमाची तारीख त्यांना नोव्हेंबरपर्यंत हातात हवी.